हिवाळा ऑक्टोबरातच आवरून ठेवायचा असतो

हिवाळ्यात मन सांभाळा म्हणून जे काही लिहिलं जातं ना, त्यातलं बहुतेक सगळं खरं असतं आणि तरीही फारसं उपयोगाचं नसतं. सकाळी लवकर उठा, व्यायाम करा, माणसांत मिसळा, एखादा छंद लावून घ्या. अहो पण हे सगळं करायला जी उमेद लागते तीच तर हिवाळा सगळ्यात आधी काढून घेतो! ज्याला अंथरुणातून पाय खाली टाकायलाच अर्धा तास लागतोय त्याला पहाटे पळायला जा म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला, औषध वरच्या मजल्यावर ठेवलंय, जिना चढून ये, असं सांगण्यासारखं आहे.

मी हे जरा चिडूनच लिहितेय कारण मी त्यातलीच आहे. दिवस लहान व्हायला लागले की माझं काहीतरी हळूहळू बंद पडत जातं. रडू येतं, फार दुःख होतं असं काही नाही, तसं झालं असतं तर निदान कुणाला सांगता तरी आलं असतं. फक्त सगळं जड होतं. झोप कितीही झाली तरी पुरत नाही, दुपारी चारनंतर डोकं चालत नाही, सारखं गोडधोड खावंसं वाटतं, आणि फोन वाजला की तो हातात धरून मी स्क्रीनवरचं नाव बघत बसते, वाजून वाजून बंद होईपर्यंत, आणि बंद झाला की सुटल्यासारखं वाटतं. ज्याचा फोन असतो तो माणूस मला आवडत असतो बरं का. मार्च-एप्रिलमध्ये त्याच माणसाला मी स्वतःहून फोन लावून तासभर सोडत नाही.

असं खूप जणांचं होतं, कमीजास्त प्रमाणात. काहींची नुसती मरगळ असते, आणि काहींना खरोखरचं डिप्रेशन येतं जे दरवर्षी एका ठराविक ऋतूत येतं आणि ठराविक ऋतूत निघून जातं. या दुसऱ्या प्रकाराला सीझनल अफेक्टिव्ह डिसऑर्डर म्हणतात. हे नाव आलं १९८४ मध्ये, नॉर्मन रोझेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या एका शोधनिबंधातून. रोझेंथल मूळचे जोहान्सबर्गचे, म्हणजे भरपूर उन्हातले. १९७६ मध्ये ते डॉक्टर म्हणून न्यूयॉर्कला आले आणि हिवाळा लागला की आपल्याच्याने काम उरकत नाही, वसंतात मात्र आपोआप उरकतं, हे त्यांना स्वतःवरूनच जाणवलं. पण मला त्या सगळ्या कहाणीत जास्त आवडतो तो एक इंजिनिअर पेशंट. हा गृहस्थ कित्येक वर्षं स्वतःच्या मूडच्या नोंदी वहीत लिहून ठेवत होता, आणि त्या नोंदींवरून त्याने स्वतःच ताडलं की हे सगळं दिवसाच्या लांबीशी जोडलेलं दिसतंय. त्याच सुमारास, १९८० मध्ये, अल्फ्रेड लेवी या संशोधकांनी दाखवलं होतं की पुरेसा प्रखर उजेड दिला तर माणसाच्या शरीरातलं मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचं शरीराला सांगणारं संप्रेरक, दबतं. साध्या घरगुती दिव्याने तसं होत नव्हतं. झालं, हा इंजिनिअर आपल्या वह्या घेऊन त्या संशोधकांकडे पोचला, त्यांनी त्याला हिवाळ्यात सकाळ-संध्याकाळ प्रखर दिव्यासमोर बसवलं आणि थोड्याच दिवसांत त्याची कळी खुलली. एका माणसाच्या वहीतून अख्खी उपचारपद्धती पुढे आली असं म्हटलं तर फार अतिशयोक्ती नाही.

आता हा उजेड नेमकं करतो काय, ते थोडक्यात. मेंदूत, जिथे दोन्ही डोळ्यांच्या नसा एकमेकींना ओलांडतात त्याच्या बरोबर वर, सुमारे २०,००० पेशींचा एक पुंजका आहे, तो आपलं मुख्य घड्याळ. गंमत अशी की बहुतेकांचं हे घड्याळ २४ तासांपेक्षा किंचित लांब चालतं, सरासरी दहाएक मिनिटांनी. म्हणजे त्याला रोज कुणीतरी पुढे ढकलून जागेवर आणावं लागतं आणि ते काम करतो सकाळचा उजेड. डोळ्याच्या पडद्यात यासाठी वेगळ्या पेशी आहेत, त्या मुख्यतः बघण्यासाठी नाहीत, उजेड किती आहे ते त्या घड्याळाला कळवतात; त्यांचा शोध अगदी अलीकडचा, २००२ च्या सुमाराचा. हिवाळ्यात आपण अंधारात उठतो, अंधारात बाहेर पडतो, दिवसभर छताखाली बसतो आणि अंधारातच परत येतो. घड्याळाला कुणी काही कळवतच नाही, ते मागे मागे रेंगाळत जातं, आणि शरीर सकाळी आठ वाजता मध्यरात्रीसारखं वागायला लागतं. संशोधकांत यावर अजून वाद आहेत, सगळ्यांचं असंच होतं असं नाही, सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचाही भाग आहे म्हणतात. पण सकाळचा उजेड हा यातला मोठा धागा आहे यावर बऱ्यापैकी एकमत आहे.

मला हे सगळं वाचून पटलं होतं पण खरं उतरलं ते फोनवरच्या लाईट मोजायच्या ॲपमुळे. फुकट ॲप, फार अचूक नसतं, पण अंदाज येतो. मी जिथे दिवसभर बसून काम करते त्या टेबलावर फोन उताणा ठेवला, वर दिवा चालू, मला खोली चांगली उजळ वाटत होती, आकडा आला दीडशेच्या आसपास. लक्समध्ये, म्हणजे उजेड मोजायच्या एककात. मग तोच फोन घेऊन खिडकीशी गेले, काचेला टेकवला, आकडा हजाराच्या पुढे. मग दार उघडून बाहेर पायरीवर उभी राहिले, आभाळ पूर्ण भरलेलं, ऊन नावालाही नाही, अगदी ज्याला आपण 'काय हा अंधारलेला दिवस' म्हणतो तसा दिवस, आणि आकडा सहा हजार, सात हजार असा हलत होता. डोळ्याला हा फरक कळतच नाही, कारण डोळा लगेच जुळवून घेतो. दीडशे आणि सहा हजार दोन्ही त्याला ठीकच वाटतात. घड्याळाला मात्र ते ठीक नसतं. त्या दिवसापासून मी टेबल सरकवून खिडकीला लावलंय, आणि सांगायची गोष्ट म्हणजे ते टेबल मी एकदाच सरकवलं. रोज सरकवावं लागलं असतं तर डिसेंबरात मी ते नक्कीच सरकवलं नसतं.

माझं म्हणणं एवढंच आहे खरं तर. हिवाळ्यात जे करायचं ते असं हवं की ज्याला रोज मनाची तयारी लागणार नाही. आणि ते ठरवायचं, मांडायचं, आणून ठेवायचं सगळं ऑक्टोबरात, डोकं शाबूत असताना. (पृथ्वीच्या खालच्या अर्ध्यात राहणाऱ्यांनी हे एप्रिल म्हणून वाचावं, त्यांचा हिवाळा जूनचा.)

नॉर्वेमध्ये रयुकान नावाचं गाव आहे, खोल दरीत वसलेलं, डोंगर इतके उभे की सप्टेंबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंत गावात ऊन उतरतच नाही. १९२८ मध्ये तिथल्या कंपनीने लोकांना डोंगरावर उन्हात जाता यावं म्हणून केबल कार बांधून दिली. छानच. पण त्यात बसून वर जायला तुम्हाला आधी घरातून निघावं लागतं! मग २०१३ मध्ये गावाने डोंगरमाथ्यावर तीन मोठे आरसे बसवले, कॉम्प्युटरवर चालणारे, सूर्याबरोबर फिरणारे, आणि त्यांनी गावच्या चौकात सुमारे ६०० चौरस मीटरचा उन्हाचा तुकडा खाली पाडला. आता सामान आणायला निघालेला माणूसही जाता जाता उन्हातून जातो. केबल कार आणि आरसे यांत जो फरक आहे ना, तोच मला हिवाळ्याच्या सगळ्या सल्ल्यांत दिसतो. माझे उपाय मी आता असेच तपासते, की हा केबल कारवाला आहे की आरशावाला.

तर आरशावाले उपाय. पहिला अर्थातच दिवा. साधा टेबललॅम्प चालत नाही, लाईट थेरपीसाठी बनवलेला, १०,००० लक्सचा, अतिनील किरण गाळणारा हवा, आणि त्याच्यासमोर उठल्यावर लवकरात लवकर अर्धा तास बसायचं. दिव्याकडे टक लावून बघायचं नसतं, डोळे उघडे हवेत आणि दिवा साधारण हातभर अंतरावर हवा, म्हणजे कंपनीने जेवढं अंतर सांगितलंय तेवढं. लांब ठेवला की लक्स धडाधड कमी होतात, खोलीच्या कोपऱ्यात ठेवलेला महागडा दिवा म्हणजे नुसती शोभा. मी तो जिथे सकाळी तसंही बसते तिथेच ठेवलाय आणि टायमरवर लावलाय, म्हणजे मी उठो न उठो तो लागतोच, आणि तो लागला की झोपणं जरा लाजिरवाणं वाटतं. फक्त एक, बायपोलरचा, म्हणजे मन कधी फार चढण्याचा तर कधी फार पडण्याचा त्रास असेल, डोळ्याच्या पडद्याचा काही आजार असेल किंवा उजेडाने त्वचा वा डोळे चुरचुरतील अशी औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा उद्योग करू नये. प्रखर उजेड हे औषधासारखंच काम करतं, तेव्हा त्याचे दुष्परिणामही असणारच. काहींना मेनिया, म्हणजे मन बेफाम चढण्याचा झटका, होऊ शकतो.

दुसरं, व्हिटॅमिन डी. सगळे हेच सुचवतात. कमतरता असेल तर जरूर घ्यावं, टेस्ट करून, पण त्याने मूड सुधारतोच असा पुरावा काही ठाम नाहीये, अभ्यास दोन्ही बाजूंचे आहेत. आणि दिव्याचा किंवा खिडकीचा त्याच्याशी संबंध नाही, काचेतून येणाऱ्या उन्हाने व्हिटॅमिन डी जवळजवळ बनत नाही, घड्याळ मात्र जुळतं.

तिसरं म्हणजे माणसं, आणि इथे मला जरा रेंगाळायचंय. हिवाळ्यात मला भेटायला या, मी तुम्हाला फोन करेन, हे सगळं केबल कार. माझी एक मैत्रीण आहे, तिचंही माझ्यासारखंच होतं. आम्ही उन्हाळ्यातच ठरवून टाकलंय की थंडीत ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी फोन लागणारच, दोघींपैकी कुणालाही बोलायचं असो नसो. मागे एकदा तिने फोन लावला आणि मी म्हटलं, "अगं मला आज काही बोलायचं नाहीये." तर ती म्हणाली, "मलाही नाहीये. फोन चालू ठेव, मी कपड्यांच्या घड्या घालतेय." आणि खरंच, तिकडून फक्त कपडे झटकल्याचा आवाज, मध्येच "हा मोजा कुठला गं" असं स्वतःशीच, आणि मी इकडे बसल्या बसल्या कागद आवरायला लागले, जे कितीतरी दिवस तसेच पडले होते. शेवटी ती म्हणाली "चल ठेवते", मी म्हटलं "ठेव". बास. त्या फोनने माझा मूड सुधारला वगैरे असं मी म्हणणार नाही. पण कागद आवरले गेले.

याला थेरपीच्या भाषेत बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन म्हणतात, की आधी बरं वाटेल आणि मग कामं होतील याची वाट न बघता छोटं काहीतरी आधी करायचं, वाटणं मागून येतं. आलं तर आलं. आणि ही नुसती बोलायची गोष्ट नाही. व्हर्माँट विद्यापीठाच्या केली रोहन यांनी हिवाळी डिप्रेशनसाठी खास बेतलेली कॉग्निटिव्ह बिहेव्हियरल थेरपी (विचारांच्या आणि वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारी) आणि दिवा यांची तुलना केली, तर त्या हिवाळ्यात दोन्हींचा गुण सारखाच आला. पण दोन हिवाळ्यांनी बघितलं तेव्हा थेरपी घेतलेल्यांना पुन्हा त्रास होण्याचं प्रमाण कमी निघालं. साहजिकच आहे, दिवा तुम्हाला दरवर्षी नव्याने लावावा लागतो आणि शिकलेलं डोक्यात राहतं. परवडत असेल, मिळत असेल तर दोन्ही करावं.

थेरपीत शिकण्यासारखी मुख्य गोष्ट म्हणजे स्वतःच्या विचारांवर वेळ आणि तारीख टाकून बघणं. 'मी नोकरी सोडावी', 'हे नातं काही खरं नाही', 'माझ्याच्याने आयुष्यात काही होणार नाही' असे मोठमोठे निकाल माझं डोकं हटकून डिसेंबर-जानेवारीत देतं, आणि तेही संध्याकाळी. जुलैत ते कधी असलं काही म्हणत नाही, नोकरी तीच असते, नाती तीच असतात. म्हणून मी नियम करून टाकलाय, मोठा निर्णय असेल तर तो फक्त लिहून ठेवायचा आणि एप्रिलमध्ये उघडून बघायचा. एप्रिलमध्येही तेच वाटलं तर मग खुशाल करावं. काही वेळा वाटतंही, नाही असं नाही.

आता याच्या बरोबर उलट टोकाला एक गोष्ट आहे जिथे कुणालाच कसली तयारी करता आली नव्हती. १८९८ मध्ये बेल्जिका नावाचं जहाज अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलं, मे महिन्याच्या मध्यावर सूर्य मावळला तो थेट जुलैअखेरीसच वर आला. खलाशी सुस्त झाले, भूक मेली, काहींचं डोकं फिरायची वेळ आली, एकजण तर दगावलाच. जहाजावरचा डॉक्टर फ्रेडरिक कुक, त्याला ना मेलाटोनिन ठाऊक ना घड्याळाच्या पेशी, पण त्याने काय केलं तर आजाऱ्यांना कपडे काढून धगधगत्या शेगडीसमोर रोज बसवायला सुरुवात केली, पेंग्विन आणि सीलचं ताजं मांस खायला लावलं आणि जहाजाभोवती बर्फावरून गोल गोल चालायला लावलं. त्या चालण्याला खलाश्यांनी वेड्यांच्या इस्पितळातली फेरी अशा अर्थाचं नाव पाडलं होतं! त्यांच्या दुखण्यात स्कर्व्हीचा, म्हणजे व्हिटॅमिन सी कमी पडून होणाऱ्या आजाराचा, मोठा वाटा होता, त्यामुळे सगळं श्रेय शेगडीच्या उजेडाला द्यायचं कारण नाही. मला त्यात दिसतं ते असं की कुकने कुणाला 'बरं वाटेल तेव्हा चाल' असं म्हटलं नाही. हुकूम होता. तुमच्याआमच्याकडे हुकूम सोडणारा डॉक्टर जहाजावर नसतो, म्हणून टायमर, म्हणून ठरलेल्या वारचा फोन, म्हणून आगाऊ पैसे भरलेला एखादा क्लास, जिथे न गेल्यास दोन माणसं विचारतील तरी.

बाकी ते ट्रोमसोचं उदाहरण हल्ली बरंच फिरत असतं. नॉर्वेच्या उत्तरेचं हे शहर, दोन महिन्यांच्या आसपास सूर्य क्षितिजावर येत नाही आणि तरी लोक मजेत. केरी लिबोविट्झ नावाची संशोधक तिथे राहून आली, तिने बघितलं की तिथल्या लोकांची हिवाळ्याकडे बघायची नजरच वेगळी आहे, आणि जितकं उत्तरेला जावं तितकी ती जास्त चांगली. काम छान आहे, त्यातलं 'थंडीत काय काय करता येईल' असा विचार करणं मला उपयोगीही पडतं. पण हे उदाहरण कुणीतरी आजारी माणसाच्या तोंडावर फेकतं ना, बघ, तिकडे सूर्यच नाही आणि ते कसे हसतायत, तेव्हा मला भयंकर राग येतो. नजर बदलणं हेसुद्धा कामच आहे की, तेही उमेद असलेल्यालाच जमतं.

आणि प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की हे ऋतूचं प्रकरण वाटतं तितकं सरसकट नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ३४,००० हून जास्त लोकांची माहिती तपासलेल्या एका अभ्यासात डिप्रेशनचा ऋतूशी किंवा अक्षांशाशी संबंधच दिसला नाही. म्हणजे काही लोक थंडीवर जे ढकलतात ते कदाचित बाराही महिने असेल, फक्त थंडीत नजरेत भरत असेल. काहींना तर उलट उन्हाळ्यातच त्रास होतो, झोप उडते, चिडचिड होते. म्हणून 'हिवाळ्यामुळे असेल, जाईल' म्हणत बसणं धोक्याचं आहे. दोन आठवडे रोज, दिवसातला बराच वेळ मन उदास असेल, कशातच रस नसेल, कामावर किंवा घरात परिणाम दिसायला लागला असेल तर डॉक्टरकडे जावं, महिना कुठला का असेना. जगू नये असं वाटत असेल तर त्याच दिवशी कुणाला तरी सांगावं, जवळच्या माणसाला, डॉक्टरला, हेल्पलाईनला, जे आधी लागेल त्याला. आणि एक, लोकांना वाटतं आत्महत्या कडाक्याच्या थंडीत जास्त होत असतील. बहुतेक देशांत त्या वसंतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर जास्त होतात. तेव्हा आता दिवस मोठे झाले, सुटलो, म्हणून त्या माणसावरचं लक्ष काढून घेऊ नये.

दिवस मोठे होण्यातही एक फसवाफसवी आहेच. २१-२२ डिसेंबर हा सगळ्यात लहान दिवस, इथून पुढे सुटका, असं आपण म्हणतो. पण ४० अंश उत्तरेच्या आसपास सगळ्यात लवकरचा सूर्यास्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यातच होऊन गेलेला असतो आणि सगळ्यात उशिराचा सूर्योदय होतो जानेवारीच्या चार-पाच तारखेला. म्हणजे संध्याकाळी उजेड रेंगाळायला लागला म्हणून आपण खूश, आणि सकाळ मात्र अजून काळीच होत चाललेली. घड्याळ तर सकाळवर चालतं! नवीन वर्षाचे सगळे संकल्प नेमके त्याच आठवड्यात का कोलमडतात याचा मला दाट संशय आहे, पुरावा काही नाही. दिवा मात्र मार्च लागल्याशिवाय काढायचा नाही.

मार्च संपता संपता मी अजून एक काम करते, त्या इंजिनिअरकडूनच उचललेलं. काय चाललं, काय नाही चाललं ते फोनमध्ये लिहून ठेवते आणि ऑक्टोबरच्या एक तारखेचा रिमाइंडर लावते, कारण उन्हाळ्यातल्या बाईला हिवाळ्यातली बाई अजिबात आठवत नाही, तिला वाटतं कसला दिवा नि कसलं काय, मी तर ठणठणीत आहे. यंदाची नोंद फार लांब नाही. क्लासचे पैसे सप्टेंबरातच भर. फोनचा वार बदलू नकोस. जानेवारीत केस कापायला जाऊ नकोस. दिव्याची वायर डाव्या ड्रॉवरमध्ये आहे, मागच्या वेळी नवीन आणलीस, पुन्हा आणू नकोस.